कॅनूत तंबू टाकून दोन रात्री: बेळगावच्या चौघांसाठी

विचारणारी चौघं पोरं टिळकवाडीतली आहेत. ट्रेकिंग केलंय, पोहता येतंय, आता कॅनू म्हणजे वल्ह्यानं चालवायची लांबट उघडी होडी घेऊन दोन रात्री पाण्याकाठी मुक्काम करत फिरायचंय. खानापुरातून मलप्रभेनं खाली जावं की सुप्याच्या बॅकवॉटरला, ऑनलाइन मिळते ती हवा भरायची कॅनू घ्यावी काय, आणि रिस्क किती, असं विचारलंय. मी लष्कराच्या बॉम्बे सॅपर्समधनं रिटायर झालेला माणूस, खडकीला पाण्यावरचं ट्रेनिंग घेतलं, पुढं पोरांना दिलंही. नंतर लेक कॅनडात असते तिच्याकडं गेलो तेव्हा ओंटॅरियोतल्या अल्गॉन्क्विन पार्कात कॅनूवर मुक्कामी हिंडलो, आणि आता परत खानापूर तालुक्यात गावी असतो. त्यामुळं दोन्हीकडचं मिळूनच सांगतोय.

आधी एकच गोष्ट डोक्यात घाला, बाकीचं सगळं तिच्यावर उभं आहे. कॅनू हे सकाळचं काम आहे. पाण्यावर तुमचा मालक वारा, आणि वारा ऊन तापल्यावर उठतो. आपल्या भागात हिवाळ्यात बहुतेक पूर्वेकडनं येतोय, मार्चनंतर दुपारी घाटाकडनं म्हणजे पश्चिमेकडनं जोरात येतोय, खरं दोन्ही वेळेला सकाळचं पाणी त्यातल्या त्यात शांत. नवीन माणसं सपाट पाण्यावर तासाला चार-पाच किलोमीटर आरामात जातात, तोंडावर वारा आला की तेच दोनवर येतंय आणि खांदे मोडून निघतात ते वेगळं. म्हणून सातला उजाडलं की निघायचं, अकराच्या आत मुक्कामाला लागायचं. दिवसाला दहा-बारा किलोमीटर धरा, त्याच्या वर नाही. ट्रेकवाल्या पोरांना हे कमी वाटतंय, मला माहीत आहे, तुम्हाला लगेच वीस-पंचवीसचा प्लॅन करायचा असतो. दुपारी दोन वाजता धरणाच्या मधोमध तोंडावर वारा घेऊन बसलात की हिशोब आपोआप कळेल, खरं तो तसा कळायची काही गरज नाही.

आणि मजा पण ह्यातच आहे बघा. अकराला तुम्ही सावलीत, पुढचा सगळा दिवस मोकळा. ट्रेकला पाठीवर पंधरा किलो घेऊन चढ चढायचा आणि संध्याकाळी मॅगी खाऊन झोपायचं, इथं तसं नाही. सोळा फुटी कॅनू दोन माणसं धरून दोनशे किलोच्या वर ओझं उचलते, म्हणजे पितळी पातेलं न्या, चादर न्या, वीस लिटरचा पाण्याचा कॅन न्या, बसायला फोल्डिंग खुर्ची न्या, पाण्याला त्याचं काही वाटत नाही. आवाज होत नाही म्हणून प्राणी-पक्षी पळत नाहीत. पाणमांजरांचा कळप काठावर मासा खात बसलेला असतो आणि तुम्ही लांबनं नुसतं वल्हं आडवं धरून तरंगत बघत राहायचं, नदीसुरय डोक्यावरनं ओरडत जातोय, काठाच्या झाडांवरनं धनेश जोडीनं पलीकडं जातात, त्यांच्या पंखांचा आवाज खाली पाण्यापर्यंत ऐकू येतो. चालत गेलं तर हे दिसत नाही असं नाही, खरं चालताना आपलं निम्मं लक्ष पायाकडं असतंय.

आता जागेचं. मलप्रभा सोडून द्या. कणकुंबीपासनं खानापूरपर्यंत नदी सुंदर आहे, असोग्याला जाऊन देवळाच्या पायरीवर बसून बघा, खरं कॅनूची नदी ती नाही. पावसाळ्यात लाल पाणी फुगून वाहतं तेव्हा जायचा प्रश्नच नाही, आणि पाऊस थांबला की इतक्या झटक्यात उतरतं की हिवाळ्यात दगड वर येतात. शिवाय बंधारे. ह्या बंधाऱ्यांबद्दल जरा सविस्तर सांगतो कारण आपल्या पट्ट्यात मलप्रभा, मार्कंडेय, हिरण्यकेशी, वेदगंगा, दूधगंगा, कुठलीही घ्या, बंधाऱ्याशिवाय नदी नाही आणि पोहणाऱ्यांना ते खेळणं वाटतंय.

बंधाऱ्यावरनं पाणी खाली पडतंय तिथं ते खाली जाऊन परत बंधाऱ्याकडंच फिरतंय. वरनं बघितलं तर तीन-चार फुटांचा साधा धबधबा, खाली जरा फेस, बस. खरं त्या फेसात अडकलेला माणूस, होडी, लाकूड, काहीही असो, तिथल्या तिथं गोल फिरत राहतंय, बाहेर येत नाही, लाइफ जॅकेट असलं तरी. फेसात हवा जास्त म्हणून तरंगायला पण होत नाही. आणि कॅनूतनं येताना वरच्या बाजूनं बंधारा दिसतच नाही, पाणी नुसतं एका रेषेत संपल्यागत दिसतं. म्हणून नकाशावर बंधारे आधी खुणा करून ठेवायचे, शंभरभर मीटर अलीकडं काठाला लागायचं आणि सामान-होडी उचलून खालच्या अंगाला चालत न्यायचं. कॅनडात दोन तळ्यांमध्ये असंच कॅनू खांद्यावर घेऊन चालतात, तिथं पार्कात प्रत्येक ठिकाणी किती मीटर चालायचं त्याची पिवळी पाटी लावलेली असते, इथं पाटी नाही, एवढाच काय तो फरक. घटप्रभेचं तर नावच काढू नका, हिडकल धरणाच्या खाली धुपदाळचा बंधारा आणि त्याच्या पुढं गोकाकला नदी ५२ मीटर खाली पडते.

कृष्णेकडं म्हणजे चिकोडी, अथणी, रायबागकडं मगरी आहेत, नवख्यांनी जाऊ नये. काळी नदीत दांडेलीजवळ पण मगरी आहेत, तिथं लोक त्या बघायलाच जातात. मगर कॅनूवर धावून येते असं नाही, खरं मुक्काम म्हटला की पहाटे-संध्याकाळी पाण्याच्या कडेला भांडी घासणं, तोंड धुणं आलंच, आणि धोका तिथं आहे, होडीत नाही.

सुपा. पोरांना सुप्याचं लई आकर्षण, आणि का नसणार, १४७ टीएमसीचं म्हणजे १४७ अब्ज घनफूट पाण्याचं धरण, चारीबाजूला जंगल, खाली जुनं सुपा गाव बुडालेलं. खरं त्याचा बराचसा काठ काळी व्याघ्र प्रकल्पात नाही तर त्याला लागून आहे, तिथं आपल्या मनानं तंबू ठोकणं बेकायदा आहे आणि ते तसंच असायला पायजे. भीमगड अभयारण्यात पण तेच. शिवाय सुप्यात जंगल न तोडता बुडलेल्या भागात झाडांचे बुंधे पाण्याखाली उभे आहेत, पाणी उतरलं की टोकं अगदी पृष्ठभागाच्या खाली येतात, हवेच्या कॅनूला तर ते सुरीच. तिथं ज्यांना परवानगी आहे त्यांच्याकडं गणेशगुडीला जाऊन एक-दोन दिवस वल्हं मारायला शिका, ते उत्तम. फक्त एक, धरणाच्या खालच्या बाजूला नदीत स्वतःहून उतरू नका. वीजघरानं पाणी सोडलं की नदी चढते आणि ते सोडायचं टाइमटेबल तुमच्या सोयीनं नसतंय. राफ्टिंगवाले त्या पाण्याच्याच हिशोबावर चालतात, त्यांना रोजचं माहीत असतं.

मग जायचं कुठं? माझं मत, पहिली ट्रिप हिडकलचं बॅकवॉटर. ५१ टीएमसीचं धरण, भरलं की हुक्केरीच्या बाजूला पाणी लांबच लांब आत शिरतं, फाटे बरेच त्यामुळं वारा उठला तरी कुठंतरी आडोसा सापडतो, काठाला शेतं-गावं आहेत म्हणजे अडचणीला माणूस भेटतो. जंगल नाही म्हणून नाक मुरडू नका. पहिल्या ट्रिपला जंगल कशाला पायजे, पहिल्या ट्रिपला तंबू वाऱ्यात उभा राहिला आणि भात करपला नाही तरी पुष्कळ झालं. हुन्नूरचं बुडालेलं विठ्ठल मंदिर तिथंच आहे, उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं, लोक दर्शनाला जातात. पाणी अर्धवट असताना त्या बाजूनं जायचं तर गावातल्या माणसाला विचारून, भिंती-कळस पाण्याखाली कुठपर्यंत आहेत ते त्यालाच माहीत. राकसकोपला मात्र कॅनू काढू नका, ते बेळगावचं प्यायचं पाणी आहे.

कुठंही गेलात तरी पाटबंधारे ऑफिसात लेखी विचारा, काठाची जमीन ज्याची त्याला विचारा, आणि मासेमारी करणाऱ्यांना भेटा. हे तिसरं बहुतेक लोक विसरतात. जाळी रात्री लावलेली असतात, वर थर्माकोलचे तुकडे नाही तर पाण्याच्या रिकाम्या बाटल्या बांधलेल्या, त्यातनं होडी नेली की त्यांचं नुकसान आणि तुमच्या होडीच्या तळाला मागं असतं ते फिन (सरळ जायला लावलेलं पातं) अडकणार. बिडी-चहाच्या वेळेला जाऊन बसलं, कन्नडमध्ये दोन शब्द बोललं, की कुठं चिखल, कुठं वारा, कुठं उतरायला खडक, सगळं सांगतात. गवळी धनगरांची वस्ती जवळ असली तर दुधाची पण सोय.

सीझन नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्याच्या आधी पाणी गढूळ आणि धरणाचे दरवाजे कधी उघडतील सांगता येत नाही, त्याच्या नंतर पाणी लांब जातंय आणि काठाला गुडघाभर चिखल, वर एप्रिल-मेमध्ये दुपारचा वळीव. वळवाचा वारा आधी येतोय, पाऊस मागनं, आणि विजा चमकायला लागल्या की पाण्यावर उंच वस्तू तुम्हीच. हिवाळ्यात एक मात्र आहे, धुकं. पलीकडचा काठ दिसेपर्यंत निघू नका, आठ वाजले तर वाजले.

आता कॅनू. हवेची घेऊ काय विचारलंय तर चौघांना दोन, दुहेरी, तळ कडक राहणारी, मागं फिन असलेली घ्या, चालेल. बसच्या टपावर, जीपच्या डिकीत बसते हा मोठा फायदा, फायबरची ठेवायला फ्लॅटमध्ये जागा कुठनं आणणार. तोटे पण ऐका. हलकी म्हणून वारा तिला फुग्यासारखं उडवतो, काठाला रिकामी सोडून चहा प्यायला गेलात तर ती पलीकडं पोचलेली असते, कायम बांधायची. दुपारी उन्हात भरलेली ठेवली तर आतली हवा तापून फुगते आणि शिवण उसवते, काठाला लागलात की जरा हवा सोडायची, सकाळी परत भरायची. आणि बाभळीचे काटे. आपल्या धरणांच्या काठाला बाभळ नाही असं होतच नाही, होडी ओढत न्यायची नाही, उचलूनच. पॅच, गोंद, पंप हे तिन्ही दोन्ही होड्यांत वेगवेगळे.

लाइफ जॅकेट अंगात. होडीत नव्हे, अंगात, आणि पट्टे आवळून. पोहता येणाऱ्याला ५० न्यूटनचं (हा तरंगवायच्या ताकदीचा आकडा, जॅकेटवर लिहिलेला असतो) चालतं, घालून झाल्यावर मित्राला दोन्ही खांद्यांना धरून वर ओढायला सांगा, हनुवटीच्या वर सरकलं तर ते जॅकेट तुमचं नाही. छातीला शिट्टी बांधा. "मला पोहता येतं" हे थंड पाण्यात, कपड्यांसकट, होडी वाऱ्यानं लांब चाललेली असताना खरं राहत नाही. आणि दारू मुक्कामाला पण नको, रात्री लघवीला पाण्याच्या कडेला उठणाऱ्या माणसासाठी सांगतोय.

वल्हं मारायचं जास्त लिहिण्यात अर्थ नाही, तासाभरात हाताला कळतं. दंडानं ओढू नका, कमरेतनं वळा, पातं पूर्ण पाण्यात घाला आणि कमरेपाशी आलं की काढा, त्याच्या मागं ओढलं की होडी नुसती वळते. पुढचा ताल धरतो, मागचा दिशा. मागच्यानं फटका संपताना वरच्या हाताचा अंगठा खाली वळवून पातं जरासं बाहेर ढकललं की होडी सरळ राहते. ते जमेपर्यंत सात-आठ फटक्यांनी दोघांनी बाजू बदलायची, सोपं. लाट आली की सीटवरनं उतरून गुडघ्यावर बसायचं, वजन खाली गेलं की होडी शांत होते. सामान मधोमध आणि खाली. तोंडावर वारा असेल तर पुढं जरा जड, पाठीमागनं असेल तर मागं जड, उलटं केलं तर होडी सारखी फिरत राहील. लाट आडवी घेऊ नका. आणि काठ धरून चला, मधनं शॉर्टकट मारायचा मोह होतो, फाटा ओलांडताना तर नक्कीच, तो फक्त सकाळच्या शांत पाण्यात आणि दोन्ही होड्या जवळजवळ ठेवून.

निघायच्या आधी छातीभर पाण्यात मुद्दाम उलटवा, चौघांनी, कपडे-जॅकेटसकट, तीन-तीन वेळा. उलटली की होडी सोडायची नाही, वल्हं धरायचं, वाऱ्याच्या वरच्या बाजूला राहायचं म्हणजे होडी अंगावर येत नाही. हवेची सरळ करायला सोपी, एकानं पलीकडनं दाबून धरायची, दुसऱ्यानं पाय मारत पोटावर आत सरकायचं. हे जमलं नाही तर ट्रिप पुढं ढकला.

सामान कोरडं ठेवायला महागड्या ड्राय बॅगच पायजेत असं नाही. निळे प्लॅस्टिकचे ड्रम मिळतात ना, झाकणाला लोखंडी रिंग आणि क्लॅम्प असलेले, तीस आणि साठ लिटरचे, कॅनडातले लोक पण तेच वापरतात. खाण्याच्या पदार्थाचे जुने घ्या, केमिकलचे नकोत, कितीही धुतले तरी. एकात जेवण, एकात अंथरूण-कपडे. ड्रम होडीला लांब दोरीनं बांधायचे म्हणजे उलटलं तर तरंगतात, आणि आपला पाय अडकेल अशी ढिली दोरी कुठंही ठेवायची नाही. मोबाइल, काडेपेटी, औषधं वेगळ्या डब्यात, अंगावर.

जेवण तर आपल्या भागासारखं कुठंच नाही. कडक भाकरी आणि शेंगाचटणी, महिनाभर खराब होत नाही, शिजवायचं नाही, गोऱ्या लोकांची ती पाकिटातली सुकी जेवणं मी खाल्लीत, ह्याच्यापुढं काही नाहीत. गोकाकचं करदंट सकाळी वल्हं मारताना तोंडात टाकायला, चिरमुरे दुपारी, रात्री खिचडी नाही तर पिठलं-भात, आमसूल न्यायला विसरू नका. दूध-खव्याचं काही नको. अल्गॉन्क्विनमध्ये आतल्या भागात काचेच्या बाटल्या आणि डबे न्यायलाच बंदी आहे, तुम्ही पण स्वतःवर तीच घाला, काच फुटली की काठाला म्हशींच्या पायात जाते. स्टोव्ह न्या, शेकोटी नको, जानेवारीनंतर गवत वाळलेलं असतं आणि एका ठिणगीला डोंगर जातो. पाणी घरनं न्या. उसाच्या शेताखालचं पाणी उकळलं तर जंतू मरतात, खरं औषध-खत तसंच राहतं, साध्या फिल्टरचं पण तेच.

तंबूची जागा पाण्यापासनं उंच. काठाला कालच्या पाण्याची ओली रेघ, वाळकी काटकी-कचरा कुठंपर्यंत आलाय बघायचं आणि त्याच्या बऱ्याच वर. पाण्याकडं जाणारी जनावरांची पायवाट सोडून, कारण रात्री गवा त्याच वाटेनं येणार आणि तो तुमच्या तंबूला वळसा घालेलच असं नाही. तंबूची चेन कायम बंद, मण्यार रात्री अंथरुणात येते, चावलेलं कळत पण नाही. साप चावला तर कापणं, चोखणं, बांधणं काही नाही, पाय हलवू न देता सरकारी दवाखाना. संडासला पाण्यापासनं सत्तर-ऐंशी पावलं लांब, वीतभर खड्डा, वर माती.

आणि गोचीड. जंगलाच्या बाजूला जाणार असाल तर हे नीट वाचा. माकडताप, म्हणजे क्यासनूर, १९५७ मध्ये शिवमोग्ग्याकडं पहिल्यांदा सापडला, नंतर उत्तर कन्नड म्हणजे कारवारचा जिल्हा, गोव्यात सत्तरी, २०१६ ला दोडामार्गकडं पण. जंगलातली बारीक गोचीड चावून होतो, डिसेंबर ते मे जास्त. मेलेलं माकड दिसलं की त्या बाजूला थांबायचंच नाही आणि आरोग्य केंद्राला कळवायचं. लांब पँट मोज्यात खोचून, पालापाचोळ्यावर लोळायचं नाही, रोज रात्री एकमेकांचं अंग बघायचं. परत आल्यावर आठवड्याभरात जोराचा ताप, अंगदुखी आली तर डॉक्टरला जंगलात गेलो होतो हे आधी सांगा, नाही तर ते व्हायरलच्या गोळ्या देऊन घरी पाठवतील.

रिस्क किती ह्याचं उत्तर म्हणाल तर सकाळी निघून, काठ धरून, जॅकेट घालून गेलात तर बेळगाव-गोवा रोडवर बाइक चालवण्यापेक्षा मला हे कमी वाटतंय. घरच्या एका माणसाकडं नकाशावर दोन्ही मुक्काम खुणा करून द्या आणि तिसऱ्या दिवशी किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर ११२ ला कळवायचं ते ठरवा. धरणाच्या फाट्यांत रेंज कुठं असते, कुठं नसते.

होड्या लगेच विकत घेऊ नका. गणेशगुडीला आधी भाड्यानं दोन सकाळी मारा, चौघांतल्या एकाला तरी कंटाळा येतोच, मग तिघांना किती होड्या लागतात तो हिशोब वेगळा. आणि ऑफिसातलं परवानगीचं पत्र दिवाळीच्या आधीच टाका, सुट्ट्यांनंतर साहेब जागेवर सापडेपर्यंत डिसेंबर उजाडतोय.